लघवीतली आम्लं: लाल खुणांआधी नमुन्याची वेळ पाहा

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अडीच वर्षांची मुलगी. दोन दिवस ताप आणि उलट्या, पोटात घोटभर पाणीही टिकेना. तिसऱ्या दिवशी पहाटे हाका मारून, हलवूनही ती नीट जागी होईना. रुग्णालयात नेलं तेव्हा रक्तातली साखर ४८ निघाली. साखरेचं सलाईन लावल्यावर दोन-तीन तासांत ती उठून बसली. डॉक्टरांनी लघवीची 'ऑरगॅनिक ॲसिड' तपासणी पाठवली. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, त्यात नऊ आम्लांपुढे लाल खुणा: ३-हायड्रॉक्सिब्युटिरिक, ॲसिटोॲसिटिक, ॲडिपिक, सुबेरिक, सेबॅसिक, ३-हायड्रॉक्सिआयसोव्हॅलेरिक, २-हायड्रॉक्सिब्युटिरिक, लॅक्टिक आणि हिप्युरिक. खाली एक ओळ: 'चयापचयाच्या विकाराची शक्यता; रुग्णाच्या स्थितीशी ताडून पाहावे.' तुम्ही विचारलंय की मुलीला जन्मजात विकार आहे का, आणि निरोगी माणसाच्या लघवीत अशी आम्लं मुळात असतात का.

वीस वर्षांहून जास्त काळ मी हेच रिपोर्ट वाचते आणि बालरोगतज्ज्ञांबरोबर बसून त्यांचा अर्थ लावते. मुलीला न तपासता, मूळ आलेख न बघता निदान सांगता येत नाही, आणि तसं सांगणं चुकीचंही ठरेल. पण तुम्ही दिलेली नऊ नावं एकत्र वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात आधी येतं ते दोन दिवस उपाशी असलेलं लहान मूल. असं का वाटतं, आणि या अंदाजाला तडा कुठे जाऊ शकतो, ते सविस्तर सांगते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. हो, निरोगी माणसाच्या लघवीत सेंद्रिय आम्लं असतात, आणि भरपूर असतात. आमच्या यंत्रावर ठणठणीत माणसाच्या लघवीतूनसुद्धा शंभराच्या वर पदार्थ वेगळे दिसतात. आपण खातो ते पिष्ट, प्रथिनं, चरबी हे सगळं पेशींमध्ये पायरी-पायरीने मोडलं जातं, आणि यातल्या बऱ्याच पायऱ्यांवर मधला पदार्थ म्हणून एखादं आम्ल तयार होतं. पुढच्या पायरीचं एन्झाइम ते लगेच उचलतं, तरी थोडंसं निसटून रक्तात येतं. अशी बहुतेक आम्लं मूत्रपिंड परत आत घेत नाही, बाहेर सोडून देतं. अमिनो आम्लांचं उलट आहे. ती मूत्रपिंड जवळजवळ सगळी परत खेचून घेतं. म्हणून अमिनो आम्लं रक्तात मोजायची आणि सेंद्रिय आम्लं लघवीत शोधायची, असा आमच्या कामातला साधा रिवाज आहे. रक्तात जे जेमतेम दिसतं ते लघवीत साठून ठळक होतं.

निरोगी लघवीत सायट्रिक आम्ल हटकून असतं. त्याच्यासोबत ॲकोनिटिक, २-ऑक्सोग्लुटारिक, सक्सिनिक ही मंडळी. पेशींना ऊर्जा देणाऱ्या क्रेब्ज चक्रातली ही आम्लं आहेत. चेतासंस्थेतल्या रसायनांचे अवशेष असतात: व्हॅनिलिलमॅन्डेलिक, होमोव्हॅनिलिक. अमिनो आम्लं मोडताना निसटलेले थोडे थोडे तुकडे असतात. तुमच्या रिपोर्टातलं ३-हायड्रॉक्सिआयसोव्हॅलेरिक हा त्यातलाच एक, ल्युसिन या अमिनो आम्लाच्या वाटेवरचा.

आणि बऱ्याचदा आलेखावर सगळ्यांत उंच उभं असतं ते हिप्युरिक आम्ल. याबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण तुमच्या रिपोर्टात त्यालाही लाल खूण आहे आणि पालक या नावाला हमखास घाबरतात. १८२९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी ते घोड्याच्या लघवीतून वेगळं ओळखलं. नावातला 'हिप्पो' हा घोड्यासाठीचा ग्रीक शब्द. वनस्पतिजन्य अन्नातल्या पदार्थांपासून आतड्यातले जीवाणू बेन्झोइक आम्ल बनवतात, यकृत त्याला ग्लायसिन हे अमिनो आम्ल जोडतं आणि हिप्युरिक आम्ल तयार होतं. काही खाद्यपदार्थांत टिकाऊपणासाठी बेन्झोएट घालतात, त्याचंही शेवटी हेच होतं. नवजात बाळाच्या लघवीत हिप्युरिक फारच कमी असतं. आतड्यात जीवाणू वसले आणि वरचं अन्न सुरू झालं की ते वाढतं. म्हणजे तुमच्या मुलीच्या हिप्युरिकपुढची लाल खूण तिच्या जनुकांबद्दल काहीही सांगत नाही. ती यादीतून आत्ताच काढून टाका. उरल्या आठ.

त्या आठांकडे वळण्याआधी 'जास्त' हा शब्द कुठून येतो ते पाहायला हवं. लघवी कधी पातळ असते, कधी दाट. म्हणून प्रत्येक आम्लाचा आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणात देतात, म्हणजे क्रिएटिनिनच्या एका मोलमागे इतके मिलिमोल. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून येणारा टाकाऊ पदार्थ. लहान मुलाचे स्नायू कमी, बारीक किंवा कुपोषित मुलाचे आणखी कमी, म्हणजे भागाकारातला खालचा आकडा लहान. खालचा आकडा लहान झाला की वरचं सगळंच मोठं दिसतं. सलाईन लावल्यानंतर आलेली पाण्यासारखी लघवी असेल तर हा परिणाम फारच वाढतो. अगदी कमी क्रिएटिनिनवर केलेला भागाकार विश्वासाचा नसतो. म्हणून रिपोर्टात क्रिएटिनिनचा आकडा आहे का आणि तुलना मुलीच्या वयाच्या मर्यादांशी केली आहे का, हे आधी बघा. मोठ्यांच्या मर्यादा लावल्या तर लहान मुलाच्या पानावर लाल रंग सांडलेला दिसणारच.

आता प्रयोगशाळेत नक्की काय होतं तेही सांगते, म्हणजे त्या कागदावर किती भार टाकायचा याचा अंदाज येईल. गोठवलेली बाटली आधी हळूहळू वितळवतो. क्रिएटिनिन मोजून, त्या हिशेबाने ठरावीक लघवी घेतो. ती आम्लधर्मी करून इथिल ॲसिटेटसारख्या द्रावकात हलवली की आम्लं वरच्या थरात येतात. तो थर वेगळा काढून वाळवला की नळीच्या तळाशी जेमतेम दिसेल असा पातळ लेप उरतो. त्या लेपावर एक रसायन घालून आम्लांना बाष्पशील करतो आणि गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडतो. बारीक, लांबलचक नळीतून एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो, आणि पडद्यावर डोंगररांगेसारखा आलेख उमटत जातो. प्रत्येक सुळक्याला आम्ही पीक म्हणतो. बाहेर पडणारा पदार्थ मास स्पेक्ट्रोमीटर फोडतो आणि त्याच्या तुकड्यांवरून ओळख पटते.

ही ओळख पटवणं किती महत्त्वाचं आहे, याचं एक उदाहरण आमच्या क्षेत्रात नव्या माणसाला आवर्जून सांगितलं जातं. १९८९ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस परिसरात एक तान्हं बाळ उलट्या आणि धाप लागल्यामुळे रुग्णालयात आलं. त्याच्या रक्तात गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते विषारी इथिलीन ग्लायकॉल सापडल्याचं सांगण्यात आलं. पुढे बाळ गेलं आणि आईला खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप झाली. ती कोठडीत असताना तिला दुसरं बाळ झालं आणि त्याला मिथिलमॅलोनिक ॲसिडेमिया हा चयापचयाचा विकार असल्याचं निदान झालं. मग पहिल्या बाळाचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा विष समजलेलं पीक प्रोपिऑनिक आम्लाचं असल्याचं उघड झालं. हे आम्ल त्याच विकारात शरीरातच साठतं. १९९१ मध्ये आरोप मागे घेण्यात आले. नुसत्या जागेवरून पिकाला नाव देणं किती महागात पडू शकतं, हे त्या आईने भोगलं. तेव्हापासून तंत्र बरंच सुधारलं आहे, तरी संशयास्पद पीक दिसलं की मी त्याचे तुकडे स्वतः डोळ्यांनी पडताळते. यंत्राने सुचवलेल्या नावावर विसंबत नाही.

आता तुमच्या मुलीच्या उरलेल्या आठ आम्लांबद्दल.

लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो, आणि शरीराच्या मानाने मेंदू मोठा, त्याची भूक दांडगी. मोठा माणूस दोन दिवसांचा उपास निभावून नेतो; अडीच वर्षांच्या मुलाचा साठा एका रात्रीतच तळाला येऊ शकतो. साठा संपत आला की शरीर चरबीकडे वळतं. यकृत चरबीतली लांब आम्लं दोन-दोन कार्बनने तोडत जातं आणि त्यातून किटोन बनवून मेंदूला पाठवतं. हे किटोन म्हणजेच तुमच्या यादीतली पहिली दोन नावं, ३-हायड्रॉक्सिब्युटिरिक आणि ॲसिटोॲसिटिक. ही शरीराची आणीबाणीची शिधासामग्री आहे. उपाशी, आजारी मुलाच्या लघवीत ३-हायड्रॉक्सिब्युटिरिक हजारोंच्या घरात गेलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. आकडा डोळे पांढरे करणारा असतो, पण त्याचा अर्थ यकृत आपलं काम करतंय एवढाच असतो.

चरबीचा लोंढा इतका मोठा असला की सगळी चरबी मुख्य वाटेने मावत नाही. थोडी आडवाटेने जाते आणि तिच्या दोन्ही टोकांना आम्लगट लागतात. सहा कार्बनचं ॲडिपिक, आठचं सुबेरिक, दहाचं सेबॅसिक. म्हणजे यादीतली पुढची तीन नावं त्याच पुराचं काठावर चढलेलं पाणी आहे. साध्या उपासात यांचा क्रम सहसा ठरलेला असतो: ॲडिपिक सगळ्यांत जास्त, मग सुबेरिक, मग सेबॅसिक, आणि तिघं मिळूनही किटोनांच्या पुढे फिकी. ३-हायड्रॉक्सिआयसोव्हॅलेरिक आणि २-हायड्रॉक्सिब्युटिरिक हीदेखील किटोन वाढले की सोबतीने थोडी वर येतात. लॅक्टिक थोडं वाढणं हे अंगातलं पाणी कमी झालेल्या, रडून थकलेल्या मुलात नवलाचं नाही.

इथवरचं जुळवून पाहा. हिप्युरिक आतड्यातून आलं, दोन किटोन, तीन त्यांच्या पुरातली, दोन त्यांच्या सोबतची, एक थकव्याचं आणि पाणी कमी पडल्याचं. नऊच्या नऊ खुणांची एकच गोष्ट जुळते, आणि ती तुम्ही स्वतःच प्रश्नात लिहिली आहे: दोन दिवस पोटात काही नाही. लाल खुणा मोजून आजाराचं गांभीर्य ठरवता येत नाही. कोणती आम्लं कोणाच्या सोबतीने वाढली आहेत, आणि तो नमुना कोणत्या तासाचा आहे, यावर रिपोर्टाचा अर्थ ठरतो.

मग मला काळजी कधी वाटली असती? हेच ॲडिपिक-सुबेरिक-सेबॅसिक भरपूर असते, साखर पडलेली असती, आणि किटोन मात्र जवळजवळ नसते, तर. चरबी तोडण्याच्या वाटेवरचं एखादं एन्झाइम अडलं तर पूर आडवाटेने वाहतो, पण किटोन बनतच नाहीत. यातला सर्वांत परिचित विकार म्हणजे मध्यम लांबीच्या चरबी-आम्लांचं एन्झाइम कमी असणं. डॉक्टर त्याला एमकॅड म्हणतात. त्यात हेक्सॅनॉइलग्लायसिन आणि सुबेरिलग्लायसिन ही दोन छोटीशी पिकं दिसतात. छोटीशी हा शब्द मुद्दाम वापरला. किटोनांच्या डोंगरांपुढे ती टेकडीएवढीही नसतात, घाईत नजरेतून सुटतात. पण निदान त्यांच्यावर ठरतं.

एक मुलगी माझ्या चांगली लक्षात आहे. तिचे दोन रिपोर्ट 'सर्व सामान्य' म्हणून आले होते. दोन्ही वेळा नमुना आजारातून बरी होऊन, व्यवस्थित जेवून-खाऊन आलेल्या दिवसाचा होता. तिसऱ्या तापात तातडीच्या विभागातल्या एका तरुण डॉक्टरने सलाईन लावता लावता लघवीची बाटली भरून बर्फात ठेवली. मी तो आलेख उघडला. तीन आम्लांची ती ओळखीची रांग दिसली, किटोनांच्या जागी जवळजवळ सपाट रेषा, आणि बऱ्याच पुढे, शांत भागात, हेक्सॅनॉइलग्लायसिनचं एक बोटभर पीक. रक्तातल्या ॲसिलकार्निटिन तपासणीत, म्हणजे कार्निटिन या वाहकाला चिकटलेली चरबी-आम्लं मोजणाऱ्या तपासणीत, आठ कार्बनचं ॲसिलकार्निटिन वाढलेलं सापडलं आणि निदान पक्कं झालं. त्या मुलीला उपाशी राहू न देणं हाच मोठा उपचार होता. तिच्या आधीच्या दोन रिपोर्टांत मोजमापाची चूक नव्हती. नमुना चुकीच्या दिवशी घेतला होता.

म्हणून तुमच्या रिपोर्टाबाबत मला पहिलं जाणून घ्यायचंय ते हे: लघवी सलाईन लावण्यापूर्वीची, लगेच नंतरची, की दुसऱ्या दिवशीची? दुसऱ्या दिवशीची असूनही किटोन इतके जास्त असतील तर त्याचा वेगळा विचार करावा लागेल. पहिल्या काही तासांतली असेल तर वरचं सगळं चपखल बसतं.

आकाराने लहान पण अर्थाने मोठ्या पिकांची आणखी एक-दोन उदाहरणं देते. सक्सिनिलॲसिटोन निरोगी माणसात व्यवहारात दिसतच नाही. ते दिसलं की टायरोसिनेमिया, म्हणजे टायरोसिन हे अमिनो आम्ल नीट न मोडण्याचा विकार, त्याच्या पहिल्या प्रकाराचा विचार तातडीने करायचा, कारण त्यावर औषध आहे. ३-हायड्रॉक्सिग्लुटारिक हे ग्लुटारिक ॲसिडुरिया या जन्मजात विकाराच्या पहिल्या प्रकारात दिसतं. या विकाराच्या काही मुलांत खुद्द ग्लुटारिक आम्ल जवळजवळ सामान्य असतं, म्हणून नुसतं मोठं पीक शोधणारा फसतो. मिथिलमॅलोनिक आम्ल निरोगी माणसात साधारण ५ मिलिमोलच्या आत असतं. जन्मजात विकाराच्या तीव्र प्रकारात ते हजारांवर जातं. मधल्या पट्ट्यातला आकडा आला की जनुकाआधी बी-१२ तपासायचं. आईच्या शरीरात बी-१२ कमी असेल आणि बाळ फक्त तिच्या दुधावर असेल तर बाळाच्या लघवीत हे आम्ल वाढतं, आणि इंजेक्शनाने खाली येतं. एकच आम्ल, कारणं दोन, उपचार पूर्ण वेगळे.

या पूर्ण शाखेचा पायाच असा आहे की एका असामान्य पदार्थाचा माग काढत तुटलेल्या पायरीपर्यंत पोचायचं. इंग्लंडमधले डॉक्टर गॅरॉड यांनी १९०२ मध्ये काळ्या पडणाऱ्या लघवीवरून अल्काप्टोन्युरिया या जन्मजात विकाराबद्दल लिहिलं. डॉक्टर फॉलिंग यांनी १९३४ मध्ये नॉर्वेत दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घालून आलेला हिरवा रंग पाहिला आणि फेनिलपायरुव्हिक आम्लापर्यंत पोचले; तो विकार आज फेनिलकीटोन्युरिया म्हणून ओळखला जातो. १९६६ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी गॅस क्रोमॅटोग्राफीने आयसोव्हॅलेरिक ॲसिडेमिया दाखवला; त्या मुलांच्या अंगाला घामट पायांसारखा वास यायचा. हे वाचून तुम्हीही लघवीचा रंग-वास बघायला लागाल, म्हणून सांगते: उपाशी मुलाच्या तोंडाला आणि लघवीला येणारा गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास हा किटोनांचा असतो.

लाल खुणा चुकीच्या कारणांनीही उमटतात. ज्या दुधाच्या पावडरीत किंवा तेलात मध्यम लांबीची चरबी असते, ती घेणाऱ्या मुलात सुबेरिक आणि सेबॅसिक वाढतात, आणि सेबॅसिक ॲडिपिकच्याही पुढे जातं. जेलीसारख्या पदार्थांत ॲडिपिक आम्ल घातलेलं असू शकतं. झटक्यांसाठीचं व्हॅल्प्रोएट आलेखावर स्वतःच्या पिकांची रांग उभी करतं. पॅरासिटामॉलचीही पिकं दिसतात, आणि ५-ऑक्सोप्रोलिन वाढण्यामागे कधी कधी तेच असतं. अंगाला लावायच्या क्रीममधून ग्लिसरॉल येतं. एकदा एका बाळाच्या रिपोर्टात ग्लिसरॉलचं भलंमोठं पीक होतं, आणि पिशवी चिकटवण्याआधी त्या जागी क्रीम चोळलं होतं हे परिचारिकेला विचारल्यावर कळलं. बाटली दिवसभर खोलीच्या उष्णतेत राहिली तर जीवाणू आपलं काम करतात, लॅक्टिक आणि सक्सिनिक वाढतात. तापात तुम्ही मुलीला कोणती औषधं दिली ती यादी प्रयोगशाळेला कळवली होती का? नसेल तर आताही कळवा. ती वाचून माझ्यासारखी व्यक्ती आलेख वेगळ्या नजरेने पाहते.

या तपासणीला काय दिसत नाही, तेही स्पष्ट लिहायला हवं. साखर पडून किटोन वाढणं, हे तुमच्या मुलीत झालं तसं, अनेक मुलांत कसलाही विकार नसताना होतं. पहिल्या वर्षानंतर ते पाच-सहा वर्षांपर्यंत हा त्रास होतो आणि वय वाढलं, अंगात मांस भरलं की थांबतो. पण असंच चित्र वाढीच्या संप्रेरकाच्या किंवा कॉर्टिसॉलच्या कमतरतेतही दिसतं, आणि यकृतातल्या साखरेच्या साठ्याशी निगडित काही विकारांतही. त्यात लघवीतल्या आम्लांचा आलेख साध्या उपासासारखाच येऊ शकतो. म्हणून डॉक्टर यकृत वाढून हाताला लागतं का, उंची-वजन वाढीच्या रेषेवर आहे का, हे बघतात. यातलं काही गडबड वाटलं तर पुढच्या तपासण्या रक्ताच्या असतात. प्रथिनांतला नको असलेला अमोनिया बाहेर टाकणाऱ्या युरिया चक्राच्या विकारांत अमोनिया रक्तात मोजावा लागतो. पेशींमध्ये पदार्थ साठत जाण्याचे कितीतरी विकार या आलेखात उमटतच नाहीत. तेव्हा 'ऑरगॅनिक ॲसिड नॉर्मल' म्हणजे 'चयापचय नॉर्मल' असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच खरं.

आणि एक कळकळीने सांगते. लघवीतल्या आम्लांवरून 'शरीरात बुरशी वाढली आहे', 'पेशी थकल्या आहेत' असे निष्कर्ष काढून डबाभर पूरक औषधं लिहून देणारे रिपोर्ट पालक माझ्याकडे घेऊन येतात. निरोगी माणसात जेवणानुसार वरखाली होणारी आम्लं घेऊन केलेला हा अर्थ चयापचय-तज्ज्ञ मान्य करत नाहीत. तुमच्या रिपोर्टावरून कुणी कार्निटिन, जीवनसत्त्वं सुरू करण्याचा किंवा प्रथिनं बंद करण्याचा सल्ला दिला असेल, तर निदान ठरेपर्यंत थांबा. वाढत्या मुलाची प्रथिनं विनाकारण तोडणं हेच नुकसान आहे.

तुमच्या जागी मी असते तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारलं असतं, ते लिहिते. नमुन्याची नेमकी वेळ आणि क्रिएटिनिन. ग्लायसिन जोडलेली आम्लं, विशेषतः हेक्सॅनॉइल-, सुबेरिल- आणि टिग्लिलग्लायसिन, मुद्दाम शोधली का. कारण टिग्लिलग्लायसिन असेल तर किटोन बनवणाऱ्या नव्हे, तर वापरणाऱ्या वाटेवरच्या एका विकाराचा विचार होतो, आणि तिथे किटोन भरपूर असतात. रक्ताची ॲसिलकार्निटिन तपासणी झाली का; झाली नसेल तर ती आता, मुलगी बरी असतानाही करता येते. जन्मानंतर टाचेच्या रक्ताची चाळणी तपासणी झाली असेल तर तो कागद शोधून काढा. मुलगी महिनाभर ठणठणीत राहिली की लघवीचा एक नमुना पुन्हा पाठवा. तेव्हा किटोन आणि त्यांची सोबतीण आम्लं ओसरलेली दिसली पाहिजेत. एखादं खमकं पीक बऱ्या दिवसातही उभं राहिलं तर त्याचा पाठपुरावा करायचा. उपाशी ठेवून काय होतं ते घरी करून पाहू नका. असा चाचणी-उपास रुग्णालयातच, आणि ॲसिलकार्निटिनचा रिपोर्ट हातात आल्यावरच करतात. चरबीचा विकार असेल तर तो जिवावर बेततो.

दरम्यान निदान काहीही निघो, एक गोष्ट आजपासून सारखीच राहते. रात्रीचं जेवण चुकू द्यायचं नाही, झोपण्याआधी पिष्टमय काहीतरी पोटात हवं. ताप-उलटी सुरू झाली की साखर असलेलं पेय घोट-घोट, थोड्या थोड्या वेळाने द्यायचं. ते टिकत नसेल, किंवा ती नेहमीपेक्षा सुस्त वाटत असेल, तर सकाळ होण्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा. सोबत डॉक्टरांच्या सहीची एक चिठ्ठी ठेवा: पूर्वी साखर ४८ झाली होती, आल्या आल्या साखर तपासावी, रक्त काढून ठेवावं, साखरेचं सलाईन लावावं. रात्रपाळीच्या अनोळखी डॉक्टरला ती चिठ्ठी फार उपयोगी पडते.

आणि अशी वेळ पुन्हा आलीच तर त्या तासाची लघवी सोडू नका. स्वच्छ, कोरडी बाटली; क्रीम-पावडर न लावलेली त्वचा; पाच-दहा मिलिलिटर पुरते. बाटलीत कोणतंही रसायन टाकायचं नाही, ती लगेच थंड करायची आणि तपासणीला जाईपर्यंत गोठवून ठेवायची. लघवी होत नाही म्हणून उपचार मात्र एक मिनिटही अडवू नका. सलाईन लागल्यानंतर होणाऱ्या पहिल्या लघवीतही त्या आधीच्या तासांची आम्लं उतरलेली असतात, फक्त बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा.